खारकर सरांची चाल

पनवेलात ज्यानं म्हणून शाळेत खाकी अर्धी चड्डी घातली, त्याला खारकर सरांची चाल माहीत नाही असं व्हायचं नाही. अविनाश खारकर, पी.टी.चे सर. टपाल नाक्याकडून शाळेकडे निघाले की रिक्षावाले हॉर्न न वाजवता बाजूनं जायचे. पाठ सरळ, हनुवटी वर, हात हलणार ते खांद्यापासून, कोपरातून नाही. सव्वीस जानेवारीच्या संचलनात पुढे ते आणि मागे चारशे पोरं, आणि ज्याचं पाऊल चुकलं त्याचं काही खरं नसे. सर सगळ्यांदेखत त्याचं बारसं करायचे आणि ते नाव दहावीपर्यंत पोराला चिकटायचं. बदक. लोळागोळा. ढकलगाडी. त्यातल्या ढकलगाडीच्या लग्नाची पत्रिका घरोघर गेली तेव्हा लोकांनी आधी त्याचं खरं नाव शोधलं, मग मुलीचं. सरांना याचं वाईट कधी वाटलं नाही. माणसाचा स्वभाव पायात दिसतो, असं ते म्हणायचे, आणि म्हणताना स्वतःच्या पायांकडे बघायची त्यांना गरज वाटत नसे.

रमानं तर या चालीशीच लग्न केलं म्हणा ना. ती आपटा गावची. मुलगा बघायला येणार म्हणून माजघराच्या खिडकीत उभी होती, आणि हा बाबा स्टेशनपासून घरापर्यंत भर उन्हात असा आला की वाटेवरची कुत्रीसुद्धा उठून उभी राहिली. फोटोत नाक जरा मोठं वाटलं होतं, ते ती विसरून गेली. पुढे पंचेचाळीस वर्षांत नाक बरेचदा आठवलं, पण चालीनं तिला कधी दगा दिला नव्हता.

दिला तो तीन वर्षांपूर्वी. डॉक्टरांनी पार्किन्सन्स सांगितला. आपल्याकडे त्याला कंपवात म्हणतात आणि म्हणून सरांनी सोयीस्कर अर्थ घेतला की आपला हात तेवढा कापतो. उजवा हात कापायचाच, नोटा मोजल्यासारखा. पण पाय? पायांचं त्यांना कळलंच नाही. या आजारात हे होतं म्हणे. पावलं एवढीशी होतात, पाठ वाकते, वळायचं झालं तर सहा-सात बारीक पावलं टाकून वळावं लागतं, मध्येच पाय जमिनीला डिंक लावल्यासारखे चिकटतात, आणि आतल्या माणसाला वाटतं की आपण नेहमीसारखेच चाललोय. आरशात काय, माणूस उभा दिसतो. चालताना कुठे दिसतो?

रमाला हे पहिल्यांदा कळलं ते वडाळे तलावावर. अर्ध्या फेरीला पाऊण तास लागला होता. ती मागे, ते पुढे. बाकावर बसल्यावर सर घाम पुसत म्हणाले, "आज काय झपाझप चाललो गं!" रमानं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. माणूस चेष्टा करत नव्हता. खरोखर खूश होता. मग तीही म्हणाली, "हो ना, माझा तर दमच निघाला."

बस. तिथून ते सुरू झालं. एकदा खोटं बोललं की ते रोज भरवावं लागतं. तिनं सोसायटीत सगळ्यांना गाठून सांगितलं, सरांना चालण्यावरून काही बोलू नका हं. तलावावरच्या बाकावर रोज येणारे काशीराम म्हात्रे, जमीन विमानतळात गेल्यापासून पांढऱ्या गाडीतून फिरायला येणारे, त्यांच्या तर हातापाया पडायचंच तिनं बाकी ठेवलं. पण काशीराम मनाचे मोठे. "वयनी, तुमी काय काळजी करू नका," म्हणाले, आणि दुसऱ्या दिवसापासून सर दिसले की बाकावरूनच ओरडायचे, "सर, यकदम ताठ हाय हो! आमच्या पोरांना नाय जमत असं!" सरांचा चेहरा उजळायचा. पुतण्याच्या लग्नाचा व्हिडिओ आला, त्यात सर दोनदा मांडव ओलांडताना दिसत होते. रमानं तो पेनड्राइव्ह डाळीच्या डब्यात टाकला आणि व्हिडिओ खराब निघाला म्हणून सांगितलं.

प्रेम म्हणा याला, नाहीतर धास्ती म्हणा. जन्मभर दुसऱ्यांच्या पायांना नावं ठेवलेला माणूस, त्याला स्वतःचे पाय दिसले तर तो उठून उभा तरी राहील का? त्यांना स्वतःचं चालणं कधी दिसू नये, एवढं एकच मागणं तिचं उरलं होतं.

आणि ते मोडलं कुणी? पोटच्या पोरानं.

विश्वजीत अ‍ॅनिमेशनमध्ये. पस्तिशी उलटली, लग्न लांबलं, डोळ्यांखाली काळं. कळंबोलीला लोखंडाच्या गोदामावर त्यांचा स्टुडिओ. खाली ट्रक लागला की वर टेबलावरचे मॉनिटर थरथरायचे. एक अंतराळयुद्धाचा मोबाइल गेम येणार होता आणि तो खपावा म्हणून त्याच गोष्टीची तीन मिनिटांची कार्टून फिल्म यांना करायची होती. अंतराळयानांनी एकमेकांवर लेझर मारायचे, जहाजं फुटायची, शेवटी लोकांनी गेम डाउनलोड करायचा. या लोकांची कामाची एक रीत असते. चित्र हलवायच्या आधी खराखुरा माणूस कॅमेऱ्यासमोर तसा चालवतात, पडवतात, उठवतात, आणि त्याच्यावरून मग चित्राचं पाऊल न् पाऊल बेततात. रेफरन्स म्हणतात त्याला. फिल्ममध्ये एक म्हातारा महासेनापती होता, व्रोम नावाचा. तो सिंहासनावरून उठतो, चालत जातो, आणि शेवटचं क्षेपणास्त्र सोडायला लाल बटण दाबतो, एवढा त्याचा सीन. विश्वजीत स्वतः आठ वेळा चालून बसला. वरच्या साहेबानं आठही वेळा एकच सांगितलं, खोटं वाटतंय. त्या महिन्यात स्टुडिओतून दोघांना घरी पाठवलं होतं. तिसरा कोण, याकडे सगळ्यांचे डोळे लागले होते.

त्या रविवारी सर सोफ्यावरून उठून टीव्हीचा रिमोट घ्यायला निघाले. चार पावलांचं अंतर. विश्वजीत ताटावर बसला होता. त्याचा घास हातातच राहिला. रमा वरण वाढत होती; तिनं मुलाचे डोळे पाहिले आणि पळी तशीच भांड्यात ठेवली. बापाकडे असं बघत नाहीत. बाजारात वस्तू पसंत पडली की असं बघतात.

"बाबा," विश्वजीत म्हणाला, "आमच्या फिल्ममध्ये एका म्हाताऱ्या सेनापतीचं काम आहे. कराल?"

सरांनी रिमोट तसाच ठेवला. "सेनापती? मी?" आणि असे हसले की रमाला वाटलं, या माणसाला हसून किती दिवस झाले. "करतो की! पण मला रिहर्सल लागेल हां. आठवडा तरी द्या."

रमानं विश्वजीतला स्वयंपाकघरात ओढलं. "कुठला सेनापती रे?"

"व्हिलन आहे. पण आई, चेहरा राक्षसाचा असणार, हिरवा, सोंडेसारखी मिशी. कुणाला काय कळतंय!"

"त्यांना कळलं तर?"

"त्यांना तू काय कळू देतेस?" तो म्हणाला. खरंच होतं, म्हणून जास्त झोंबलं. मग आवाज उतरवून म्हणाला, "माझी नोकरी जाईल गं आई. आणि हे बघ, त्या दिवशी दुपारची गोळी जरा लांबव. दोन-तीन तास फक्त. गोळी लागू झाली की ते बरे चालतात, त्याचा उपयोग नाही."

"मेल्या, बाप आहे तो तुझा!"

"माहीत आहे."

आता इथं रमानं त्याच्या थोबाडीत द्यायला हवी होती असं तुम्हाला वाटेल. तिलाही वाटलं. पण ती गॅसकडे वळली आणि तिनं आमटी खाली उतरवली.

आठवडाभर घरात संचलन चाललं. सरांनी पांढरी पँट काढायला लावली, पट्ट्याला नवं भोक पाडून घेतलं, शिट्टी शोधली. सकाळी हॉलमध्ये उभे राहून स्वतःलाच सावधान सांगायचे. "सेनापतीनं चालताना खाली बघायचं नसतं," रमाला शिकवायचे. "सैन्य त्याच्या मानेकडे बघत असतं." रमा म्हणायची, "हो." दुसरं काय म्हणणार, कपाळ?

शूटिंगच्या दिवशी बाराची गोळी होती. रमानं पर्समध्ये हात घातला, पाकीट बोटांना लागलं, आणि तिनं हात रिकामा काढला. "अहो, गोळ्या घरीच राहिल्या वाटतं." सर म्हणाले, "राहू दे गं, आज मला कशाची गरज नाही." हे तिनं केलं. मुलानं सांगितलं असेल, पण हात तिचा होता.

सर पहिल्यांदा चालले तेव्हा सकाळच्या गोळीचा जोर थोडा शिल्लक होता आणि उरलेला जोर माणसानं कुठून आणला देव जाणे. दात आवळले, मानेच्या शिरा ताणल्या, कापणारी मूठ मांडीला दाबून धरली, आणि स्टुडिओच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ते चालून गेले. ताठ नव्हे, पण ताठाच्या आसपास. टोकाला जाऊन सलाम ठोकला. कॉम्प्युटरवरची पोरं उठून टाळ्या वाजवायला लागली. रमाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिनं ठरवलं, आता पाकीट काढायचं.

"वा बाबा! झालं तुमचं," विश्वजीत म्हणाला. "बसा जरा. चहा घ्या. मग त्या टेबलावर लाल बटण आहे ना, ते तेवढं दाबून या, लाइट चेक करायचीय." आणि तिच्याकडे बघून त्यानं मान हलवली. नको. पाकीट पर्समध्येच राहिलं.

दोन वाजता सर उठले तेव्हा अंगात काहीच उरलं नव्हतं. पाठीची कमान झाली. तोंड उघडं, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ. पावलं घासत, मध्येच थिजत, पुन्हा तुरुतुरु. बटणाशी पोचले आणि बोट बटणाच्या डावीकडे पडलं, मग उजवीकडे, मग हवेत. एक मिनिट वीस सेकंद. कुणी मदतीला गेलं नाही, कारण कॅमेरा चालू होता. शेवटी त्यांनी तळहातच आपटला. "लागली का रे लाइट?" त्यांनी विचारलं. विश्वजीत म्हणाला, "लागली बाबा." वरच्या साहेबानं त्याच्या पाठीवर थाप मारली.

फिल्म निघाली आणि महिन्याभरात पोराटोरांच्या तोंडी व्रोम झाला. हिरोचं जहाज समोर अडकलेलं, व्रोमनं बटण दाबलं की खेळ खलास, आणि या महासेनापतीचं बोट काही बटणावर पडत नाही. डावीकडे, उजवीकडे, हवेत. तेवढ्यात हिरो सुटतो आणि व्रोमचं जहाज त्याच्यासकट फुटतं. सोसायटीच्या लिफ्टमध्ये पोरं वाकडी होऊन, लाळ गाळल्यासारखी करून मजल्याचं बटण दाबायला लागली. रमा जिन्यानं जायची. सरांकडे साधा फोन. ते वाट बघत होते. "आपली फिल्म कधी दाखवतोस?" रोज विचारायचे. विश्वजीत म्हणायचा, "दाखवतो की." त्याला बढती मिळाली होती.

मग शाळेचा फोन आला. मुख्याध्यापक देवेश ठोंबरे, सरांचाच विद्यार्थी, आता टक्कल पडलेला. क्रीडा बक्षीस समारंभाला प्रमुख पाहुणे खारकर सर, आणि पोरांसाठी खास ती फिल्म मोठ्या पडद्यावर. रमानं ताप आलाय म्हणून पाहिलं, रस्ता बंद आहे म्हणून पाहिलं, शेवटी "मला चक्कर येतेय" म्हणून खाली बसली. सर म्हणाले, "तू झोप. मी रिक्षानं जातो." तेव्हा उठावंच लागलं.

हॉल गच्च. पहिल्या रांगेत सर, रमा आणि विश्वजीत. दिवे गेले. तारे, धूर, जहाजं. सर पुढे सरकून बसले, मूठ मांडीवर दाबून. पृथ्वीचं सैन्य दिसलं की त्यांचा श्वास थांबायचा. आता येईल, आता. आणि सिंहासनावरून व्रोम उठला.

पहिल्याच पावलाला सहाशे पोरं हसत सुटली. रमानं डोळे मिटले. तिला शेजारून हसणं ऐकू आलं, ओळखीचं. तिनं डोळे उघडले. सर हसत होते. पोट धरून हसत होते. "अगं, बघ तरी बदकाला!" ते तिच्या कानाशी ओरडले. "याला सेनापती कुणी केला? महिनाभर माझ्या हाताखाली द्या!" बटणाशी बोट चुकलं तसं त्यांनी मांडीवर थाप मारली. जहाज फुटलं, गेमचं नाव आलं, दिवे लागले.

सरांनी इकडेतिकडे पाहिलं. "संपलं? माझं कुठे आलं?"

"कापलं असेल," रमा म्हणाली. "फिल्ममध्ये कापतात."

"असं कसं? सलाम केला होता मी." त्यांनी विश्वजीतकडे पाहिलं. विश्वजीत फोनमध्ये बघत होता.

तेवढ्यात देवेश माइकवर. बिचाऱ्याच्या मनात काही नव्हतं, सरांचा मान वाढवावा एवढंच. "मुलांनो, एक गंमत सांगू? तुमचा लाडका व्रोम ज्यांच्या चालीवरून केला, ते आज आपल्यात आहेत! विश्वजीतनंच मला सांगितलं. आपले खारकर सर! सर, वर या!"

टाळ्या. सर बसूनच राहिले. चेहऱ्यावर हसू अजून तसंच होतं, ते उतरवायचं राहून गेलं होतं. मग ते उठले. का उठले? कारण पस्तीस वर्षं त्या हॉलमध्ये नाव पुकारल्यावर उठायचं असतं असं त्यांनीच शिकवलेलं. ते व्यासपीठाकडे निघाले आणि पहिल्या चार पावलांत हॉल शांत झाला, आणि पाचव्याला गर्जना. "व्रोम! व्रोम! बटण! बटण!" पायरीशी पाय थिजले. पोरांना वाटलं, सर करून दाखवतायत. शिट्ट्या पडल्या. रमा उठली तर विश्वजीतनं तिचा हात धरला. "थांब ना आई, किती एन्जॉय करतायत," म्हणाला, आणि दुसऱ्या हातानं त्यानं फोन उभा धरला होता. देवेश धावत आला, त्यानं सरांना वर चढवलं, शाल घातली, श्रीफळ दिलं. श्रीफळ हातात नाचायला लागलं. पोरं बाकांवर चढली.

रिक्षानं दोघंच घरी आली. विश्वजीत शाळेतूनच स्टुडिओत गेला होता. दुपारचे चार वाजले होते. रमानं गोळी दिली, पाणी दिलं. सरांनी गोळी घेतली. सोफ्यावर बसले, शाल अंगावर तशीच.

"त्यानं वाढवून केलंय," सर म्हणाले. "कार्टून आहे. पोरांना हसवायचं म्हणून वाढवतात."

"हो तर. वाढवतातच," रमा म्हणाली.

"तू रोज माझ्या मागे असतेस. तुला माहीत असणार." त्यांनी शाल बाजूला केली. "चालून दाखव."

"काय?"

"मी चालतो तसं. दारापासून बाल्कनीपर्यंत. चल."

रमा दाराशी गेली. जरा खांदे पाडून, जरा हळू, ती चालून आली. एखादा दमलेला, पण धडधाकट माणूस चालतो तशी. तीन वर्षांचं खोटं तिनं त्या दहा पावलांत ओतलं.

"खोटं चालतेस," सर म्हणाले. जन्मभर पोरांचे पाय बघितलेला माणूस तो. "नीट चाल. पुन्हा."

ती पुन्हा दाराशी गेली. आणि यावेळी तिनं काही केलंच नाही. अंग आपोआप वाकलं. तीन वर्षं त्या पावलांमागे पाऊल टाकून तिच्या अंगात ती चाल मुरली होती. हनुवटी छातीवर आली. उजवा हात कापायला लागला. पावलं घासत निघाली, मोरीच्या दाराशी थिजली, पुन्हा तुरुतुरु सुटली. तोंड उघडं पडलं. बाल्कनीशी ती वळली, एक, दोन, तीन, सात पावलं टाकून वळली, आणि तिला जाणवलं की किती हलकं वाटतंय. डाळीचा डबा, काशीराम, ताप, चक्कर, सगळं त्या घासणाऱ्या पावलांबरोबर निघून चाललं होतं. या माणसासाठी मी किती खोटं बोलले, आणि हा हसला. बदक म्हणाला. पोट धरून हसला.

"पुरे," सर म्हणाले.

ती चालत होती. सोफ्यापर्यंत आली, त्यांच्या गुडघ्यांशी थिजली, मान तिरकी करून त्यांच्याकडे पाहिलं.

"रमा, पुरे गं."

पण दारापर्यंतची फेरी राहिली होती. ती सात पावलं टाकून वळली आणि निघाली.